उपासातली लाडीस

सॅन्टनसारखा भांडकुदळ भिडू अख्ख्या भुईगावात शोधून सापडणार नाही. हे मी सांगते, त्याची बायको. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली आणि त्यातले जवळजवळ सगळे रविवार दुपारी जेवणं झाली की आम्ही पडवीत बसून लाडीस खेळलो. मी आणि सॅन्टन एका बाजूला. आमच्याविरुद्ध माझा दीर स्टॅनी आणि शेजारची यमुना. यमुना हिंदू, आमच्या वाडीला लागून तिची वाडी. मधल्या कुंपणाला आम्ही दोघींनी मिळून कधीच भोक पाडलंय.

ज्यांना लाडीस येत नाही त्यांना थोडक्यात सांगते. सत्तीपासून एक्क्यापर्यंतची पानं घ्यायची, खालची काढून टाकायची. चौघं बसायचं, समोरासमोरचे दोघं भिडू. आधी प्रत्येकाला चार पानं वाटायची आणि त्या चारांवर बोली करायची, की आठातले किती हात आम्ही करू. एक पाच म्हणाला तर पुढच्यानं सहा म्हणावं, नाहीतर तोंड मिटावं. ज्याची बोली वरची तो हुकूम ठरवतो आणि हुकमाचं एक पान पालथं घालून ठेवतो. मग राहिलेली चार-चार पानं वाटायची. इस्पिकची उतारी झाली, म्हणजे पहिलं पान इस्पिकचं पडलं, तर सगळ्यांनी इस्पिकच टाकायचं. ज्याच्याकडे इस्पिक नाही त्यानं हुकूम उघडायला सांगायचा आणि हुकमानं हात मारायचा, नाहीतर कुठलंही फालतू पान टाकायचं. हुकमाची सत्तीसुद्धा दुसऱ्या एक्क्याला खाते. बोलीएवढे हात झाले तर डाव तुमचा, एक जरी कमी पडला तर समोरच्यांचा. खेळ एवढाच. बाकी सगळा भिडूचा भरवसा. कारण भिडूशी बोलायचं नाही, खाकरायचं नाही, डोळा मारायचा नाही. त्याच्या पोटात काय आहे ते त्याच्या पानावरून ओळखायचं.

आणि सॅन्टनला वाटायचं की मला काहीच ओळखता येत नाही. एक पान चुकलं की हा माणूस पानं चटईवर आपटायचा. "तुझ्या डोक्यात काय केळीचा गाभा भरलाय का?" मी पण काही ऐकून घेणारी नव्हे. "मेल्या, सहाची बोली करताना हातात काय होतं, दोन सत्त्या?" यमुना पदर तोंडाला लावून हसायची. सासू होती तोवर तिला आमचं हे अरे-तुरे अजिबात आवडायचं नाही. पण सॅन्टन भांडला की मला बरं वाटायचं. बाकीचा आठवडा तो टेलिफोनच्या नोकरीत आणि वाडीतल्या सोनचाफ्यात. रविवारी दुपारी तो पुरता माझ्याकडे बघायचा, माझं एकेक पान लक्षात ठेवायचा. नवऱ्यानं एवढं लक्ष दिलेली बायको गावात दुसरी दाखवा.

मग त्याचं विसरणं सुरू झालं. पहिल्यांदा आम्ही हसलो. चष्मा डोक्यावर आणि शोध कपाटात, असं कोणाचं होत नाही? पण एके सकाळी पाव आणायला गेलेला माणूस दुपारी कळंबच्या किनाऱ्यावर सापडला. तिथल्या कोळणीनं त्याला सावलीत बसवलं होतं आणि तो तिला विचारत होता, बेकरी कुठे हलवली? त्या दिवशी कोणी हसलं नाही. आमची टिफनी जूचंद्रला राहते, ती रजा घेऊन आली आणि त्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. फोटो काढले, रक्त काढलं. डॉक्टर चांगला होता, खोटं बोलला नाही. हा आजार मागे फिरत नाही म्हणाला. मग त्यानं विचारलं, यांना अजून काय काय नीट येतं?

"भांडायला," मी म्हटलं.

टिफनीनं मला कोपर मारलं आणि लाडीसचं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "मग रोज खेळा. जे येतंय त्यात खंड पडू देऊ नका. एकदा सुटलं की परत हाताला लागेलच असं नाही."

झालं. तेव्हापासून रोज चार वाजता आमची चटई पडायची. स्टॅनी रिटायर नव्हता झाला, पण पाळी बदलून घेतली त्यानं. यमुना हातातलं काम टाकून कुंपणातून यायची. आणि खरं सांगते, पडवीत बसला की सॅन्टन सॅन्टन असायचा. सकाळी शर्ट उलटा घातलेला, दोनदा आंघोळ केलेला माणूस, पण चार पानं हातात आली की कपाळाला तीच आठी पडायची. कोणाचा गुलाम गेला, कोणाकडे किलवर संपले, सगळं पाठ. आणि मी चुकले की आपटलीच पानं! तो ओरडला की मी मनातल्या मनात देवाचे आभार मानायची. आहे, अजून आहे, म्हणायची. मला दुसरं काही नको होतं. तो माझ्याशी भांडतोय तोवर तो माझा आहे, असा माझा हिशोब होता.

आणि मग आला राखेचा बुधवार.

आम्हा ख्रिस्ती लोकांत त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत उपास. मटण-मच्छी बंद, लग्न नाही, बँड नाही. कोणी दारू सोडतं, कोणी विडी. सॅन्टनच्या घरात पत्ते सोडायची रीत. त्याच्या बापानं सोडले, आजानं सोडले. दरवर्षी राख कपाळाला लावून आलं की सासरा पत्ते रुमालात बांधून अल्ताराच्या, म्हणजे घरातल्या देवाच्या फळीवर ठेवून द्यायचा, ते थेट ईस्टरच्या जेवणानंतर सोडायचा. त्याच्यामागं सॅन्टननंही तेच चालवलं. इतकी वर्षं मला त्यात काही वाटलं नव्हतं. चाळीस दिवस घराला शांतता.

यंदा मात्र चाळीस दिवसांचा खंड मला परवडणारा नव्हता. मी ठरवलं, त्याला आठवणच करून द्यायची नाही. जो माणूस जेवला की नाही ते विसरतो त्याला बापाची रीत कुठून आठवणार? सकाळी चर्चमध्ये मिस्सेला नेलं, फादरनी कपाळाला राख लावली, घरी आणलं. पेज दिली. चार वाजता चटई टाकली. स्टॅनी आला, यमुना आली. सॅन्टन पडवीच्या दारात उभा राहिला. कपाळावर राखेचा क्रूस तसाच होता. त्यानं आमच्याकडे असं बघितलं जसं काही आम्ही देवळात चोरी करताना सापडलोय.

"लाज नाही वाटत?" तो म्हणाला. त्यानं चटईवरची पानं गोळा केली, खिशातून रुमाल काढला, बांधली आणि आत नेऊन अल्ताराच्या फळीवर ठेवली.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हे. टिफनीचं नाव विसरला, बँकेचा रस्ता विसरला, आणि हे नेमकं लक्षात! मी चिडले, रडले, डॉक्टरांचं सांगून बघितलं. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "ईस्टरला खेळू."

मी गेले फादरकडे. फादर तरुण, समजूतदार. म्हणाले, "रोझमेरीबाई, हे त्यांचं औषध आहे. औषधाला उपास नसतो. आणि रविवार तर उपासाच्या चाळीस दिवसांत मोजतच नाहीत. खुशाल खेळा." मी त्यांनाच घरी घेऊन आले. सॅन्टननं उठून त्यांना खुर्ची दिली, सगळं ऐकलं, मान डोलवली. फादर फाटकाबाहेर गेले तसा म्हणाला, "पोरगं आहे अजून. माझ्या बापानं रविवारीसुद्धा पानाला हात लावला नाही."

आता बोला! ज्यांना मरून तीस वर्षं झाली त्या सासऱ्याशी मी कुठं भांडायला जाऊ?

दोन आठवड्यांत मला फरक दिसायला लागला. चार वाजले की तो पडवीत येऊन बसायचा आणि रस्त्याकडे बघत राहायचा. आधी निदान विचारायचा, स्टॅनी आला नाही का? मग तेही बंद. बोटं हलवायचा नुसती, पानं पिसल्यासारखी. मला ते बघवेना. एक दिवस त्यानं चहाच्या कपाकडे बघून मला विचारलं, हे काय करायचं? त्या क्षणी मी ठरवलं की आता देवाशी वाकडं झालं तरी चालेल.

मी ईस्टर आधीच आणला.

स्टॅनीला शुक्रवारी सुट्टी होती म्हणून शुक्रवार धरला. भिंतीवरचं कॅलेंडर काढून गादीखाली घातलं. होळी बाजारातल्या कसायाकडून मटण आणलं, अख्ख्या आळीला वास जाऊ नये म्हणून मागच्या चुलीवर शिजवलं. तांदळाच्या भाकऱ्या केल्या. सॅन्टनला पांढरा शर्ट घातला आणि सांगितलं, "चल, ईस्टर झाला. देव उठला. जेव."

यमुना मागच्या दारात येऊन कुजबुजली, "बाय, आज शुक्रवार आहे. शुक्रवारी तरी नको होतं गं." तिला आमचे वार आमच्यापेक्षा जास्त पाठ.

"तू गप्प ये आणि बस," मी म्हटलं.

आणि तो जेवला. पोटभर जेवला, बोटं चाटली. स्वतः आत जाऊन फळीवरचा रुमाल घेऊन आला, गाठ सोडली. स्टॅनीनं खाली मान घालून पानं वाटली. सॅन्टननं चार पानं उचलली, पंख्यासारखी धरली, आणि ती आठी पडली कपाळाला! माझा जीव असा भरून आला म्हणून सांगू. तो म्हणाला, "पाच." यमुना म्हणाली, "सहा." तो तिच्याकडे बघून हसला, सात म्हणायला तोंड उघडलं, आणि रस्त्यावरून गाणं ऐकू आलं.

क्रूसाची वाट. उपासातल्या शुक्रवारी आमच्या आळीतून निघते, पुढे क्रूस, मागे बायका दुःखाची गाणी म्हणत. मला हे माहीत नव्हतं का? जन्म गेला माझा त्यात चालण्यात. पण मटणाच्या आणि भाकऱ्यांच्या नादात माझं डोकं कुठं गेलं होतं कोण जाणे. क्रूस आमच्या फाटकासमोर थांबला, बायका गुडघ्यावर बसल्या. सॅन्टननं हातातली पानं बघितली. उष्टी बोटं बघितली. मग तो उठला, माडाच्या आळ्याशी गेला आणि घशात बोटं घालून सगळं ओकला.

मी पाणी घेऊन धावले. त्यानं तांब्या घेतला नाही. "मी विसरतो, रोझी," तो म्हणाला, "म्हणून तू मला फसवणार?"

गावात बोभाटा झाला तो झाला. मला त्याचं काही नाही. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. माझ्या जागी कोणीही असती तर तिनं हेच केलं असतं, आणि नसतं केलं तर ती बायको कसली?

पण सॅन्टन माझ्याशी बोलेनासा झाला. दिलं ते खायचा, उठ म्हटलं की उठायचा. माझ्याकडे बघायचा आणि नजर काढून घ्यायचा. हाक मारायची झाली तर मारायचाच नाही, नुसता उभा राहायचा. मी म्हटलं, रुसलाय. रुसू दे. आमचे रुसवे काय कमी झाले होते? एकदा सहाच्या बोलीवरून पंधरा दिवस बोलला नव्हता. टिफनी म्हणाली, "ममी, मला हे वेगळं वाटतंय." मी तिच्यावरच खेकसले. तुला काय माहीत तुझा बाप, म्हटलं. उपास संपू दे, पानं हातात येऊ दे, एक चूक केली की बघ कसा ओरडेल. मी त्या ओरडण्याची वाट बघत दिवस काढले. झावळ्यांचा रविवार गेला. गुड फ्रायडे गेला. अख्खं गाव येशूसाठी रडत होतं, मी माझ्या चटईसाठी रडत होते. देवानं ते समजून घेतलं असेल तर घेतलं असेल.

खऱ्या ईस्टरच्या दुपारी मटण शिजलं. टिफनी आली होती, तिनंच बापाला जेवू घातलं. मग मी फळीवरचा रुमाल आणला. डॉक्टरचं बोलणं कानात होतं. एकदा सुटलं की परत हाताला लागेलच असं नाही. आम्ही बसलो. मी सॅन्टनच्या समोर, माझ्या उजवीकडे स्टॅनी, डावीकडे यमुना. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. स्टॅनीनं चार-चार पानं वाटली.

सॅन्टननं पानं उचलली. एकेक सारून लावली. इस्पिक इस्पिकजवळ, बदाम बदामाजवळ. आठी पडली. आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "पाच."

मला हुंदका आला. यमुनानं माझी मांडी दाबली. येत होतं त्याला! सगळं येत होतं! अख्ख्या उपासाची धास्ती माझ्या छातीवरून उतरली. यमुना गप्प, स्टॅनी गप्प. बोली त्याची झाली, त्यानं एक पान पालथं घातलं. राहिलेली पानं वाटून झाली. मी डोळे पुसून पानं लावत होते, तेवढ्यात तो स्टॅनीकडे झुकून हळूच म्हणाला, "रोझी कुठंय? भिडू ती आहे माझी."

स्टॅनीच्या हातातली पानं तशीच राहिली. टिफनी दारात उभी होती, ती म्हणाली, "डॅडी, ही काय ममी. समोर बसलीये."

सॅन्टननं माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, पाहुण्या बाईकडे बघावं तसं, अदबीनं. मग तो हसला. "नसेल आली तर असू दे. यांना बसू दे. काय हो बाई, तुम्हाला येतं का खेळायला?"

आयुष्यात त्यानं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. रुसला नव्हता तो. इतके दिवस तो रुसला नव्हता, त्याला मी ओळखीची वाटत नव्हते. आणि मी मूर्खासारखी त्याचा राग निवळायची वाट बघत होते.

माझी मान आपोआप हलली. नाही.

"सोपं आहे," तो म्हणाला, आणि मला लाडीस शिकवायला लागला. बोली कशी, हात कसे, हुकूम कधी उघडायचा. इतकं गोड बोलत होता. माझ्या जन्मात इतकं गोड बोलला नव्हता तो माझ्याशी. "आणि एकच लक्षात ठेवा," म्हणाला, "हात भिडूचा होत असेल तर त्याच्यावर हुकूम टाकायचा नाही. हुकूम फुकट जातो. त्याच्यासारखं पाप नाही."

त्यानं उतारी केली. इस्पिकचा एक्का. स्टॅनीनं सत्ती टाकली. माझी पाळी आली. माझ्याकडे इस्पिक एकही नव्हतं. कुठलंही फालतू पान टाकून द्यायचं, हात आमचाच होता.

मी म्हटलं, "हुकूम उघडा."

स्टॅनीनं झटकन माझ्याकडे बघितलं. सॅन्टननं पालथं पान सरळ केलं. बदाम. मी माझ्या हातातला बदामाचा राजा काढला आणि त्याच्या एक्क्यावर ठेवला. मुद्दाम. आता ओरड, म्हटलं मनात. आपट पानं. केळीचा गाभा म्हण, आंधळी म्हण, माझ्या माहेरचा उद्धार कर. एवढं केलंस की कळेल मला तू आहेस.

यमुनानं इस्पिकची दश्शी टाकली. सॅन्टननं चटईवरच्या चार पानांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"असू दे," तो म्हणाला. "नवीन आहात. पहिल्यांदा सगळ्यांचं होतं असं."

माझा बांध फुटला. "ओरड ना रे!" मी किंचाळले. "राजा मारलाय मी तुझ्या एक्क्यावर! ओरड ना मेल्या! ओरड माझ्यावर!"

तो घाबरला. पानं छातीशी धरून मागे सरकला. टिफनी धावत आली, मला खांद्याला धरलं. सॅन्टन स्टॅनीच्या कानाशी लागला, पण त्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं. "बाईंना बरं वाटत नाही रे. त्यांना घरी सोडून ये. घरचे वाट बघत असतील."

स्टॅनी मोठा बाप्या, पण त्यानं तोंड भिंतीकडे केलं. कोणी उठलं नाही. मी टिफनीचा हात बाजूला केला, पदरानं तोंड पुसलं, माझी पानं परत हातात घेतली.

"बरी आहे मी," मी म्हटलं. "हात मी मारला, म्हणजे आता उतारी माझी ना?"

"हो, तुमचीच," सॅन्टन म्हणाला. "टाका, घाबरू नका."

मी पान टाकलं.